मूळ प्रत दासगावात

स्वतःच्या नावाचं डोमेन घेणं आता अवघड राहिलेलं नाही. वर्षाला काही शे रुपये भरले की नाव आपल्या नावावर होतं. पण त्या नावाचा पत्ता काय, असं जगातल्या कुठल्याही फोनने विचारलं तर उत्तर कोण देतं, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. ते उत्तर डोमेन विकणाऱ्या कंपनीचा नेमसर्व्हर देत असतो. आपण तिच्या वेबसाइटवर जाऊन दोनचार रकाने भरलेले असतात, तेवढाच आपला त्याच्याशी संबंध. फक्त एक वेबसाइट चालवायची असेल तर त्यात काही वाईट नाही. मात्र ते उत्तर आपल्याच घरच्या मशीनवरून जावं, त्यातली प्रत्येक ओळ आपण लिहिलेली असावी, असं वाटणारेही लोक असतात. महाडजवळच्या दासगावाशेजारी, लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात कॉम्प्युटर शिकणाऱ्या मुलांना तरी हे एकदा करून बघावंसं वाटायला हवं. नेटवर्क कसं चालतं हे पुस्तकातून जेवढं कळतं, त्याच्या कितीतरी पट अधिक स्वतःचा नेमसर्व्हर उभा करून कळतं.

हे सगळं दासगावातून करायचं झालं तर कसं करावं, ते इथे सांगतो. दासगाव मुद्दाम निवडलं आहे. शहरातल्या गुळगुळीत परिस्थितीत या कामातला जो भाग कधी डोळ्यांपुढे येतच नाही, तो सावित्रीकाठी पहिल्याच पावसाळ्यात समोर उभा राहतो.

आधी प्रश्नाचा प्रवास बघू. समजा तुमचं डोमेन देवनागरीत आहे आणि शेवटी ‘.भारत’ आहे. २७ ऑगस्ट २०१४ पासून अशी नावं मिळतात, आणि देवनागरीतल्या या शेपटात हिंदीबरोबर मराठी आणि कोकणीही पहिल्यापासून आहेत. नावावरून पत्ता शोधण्याची यंत्रणा यजमान मशीनच्या नावांसाठी मुळात रोमन अक्षरं, अंक आणि जोडरेघ एवढ्यावरच बेतलेली. त्यामुळे ब्राउझर तुमचं नाव आधी एका ठरलेल्या रीतीने त्या अक्षरांत बदलून घेतो. ‘भारत’चं होतं ‘एक्सएन--एच२बीआरजे९सी’. मग प्रश्न जातो रिझॉल्व्हरकडे, म्हणजे तुमच्या इंटरनेट कंपनीच्या किंवा गूगल, क्लाउडफ्लेअर यांच्या सर्व्हरकडे. त्याला उत्तर माहीत नसेल तर तो मुळापासून विचारत येतो. मुळाशी ए ते एम अशी तेरा नावं असलेले रूट सर्व्हर आहेत. नावं तेरा असली तरी त्यांच्या प्रती जगभर पसरलेल्या आहेत, मुंबईतही आहेत. रूटला तुमचं घर माहीत नसतं. तो फक्त ‘.भारत’चे सर्व्हर कुठे आहेत ते सांगतो. ‘.भारत’वाले सांगतात की या नावाचे नेमसर्व्हर अमुक अमुक, त्यांना विचारा. शेवटी प्रश्न तुमच्या मशीनपाशी येतो आणि पहिल्यांदाच खरं उत्तर मिळतं. मुंबईहून एस.टी.ने येणाऱ्या पाहुण्याला परळच्या स्टँडवर महाडची गाडी दाखवतात, वाहक दासगावला उतरवतो आणि घर दाखवणारा माणूस गावातच भेटतो, तसाच हा प्रकार. मिळालेलं उत्तर रिझॉल्व्हर काही काळ स्वतःजवळ ठेवतो. किती काळ ठेवायचं ते तुम्हीच उत्तराबरोबर सेकंदांत लिहून दिलेलं असतं. त्याला टीटीएल म्हणतात.

१९८३ पर्यंत असं नव्हतं. अमेरिकेत मेनलो पार्कला एसआरआय या संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांच्या गटाकडे सगळ्या मशीनांची एकच यादी असे. नवं मशीन जोडलं की तिथे कळवायचं आणि सगळ्यांनी ती फाइल उतरवून घ्यायची. मशीनं वाढली तशी ही पद्धत मोडकळीला आली, आणि १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी सध्याची रचना, म्हणजे डीएनएस, मांडली. तिचं मानक आजही लागू आहे, ते १९८७ चं. त्या रचनेतली सगळ्यात मोलाची गोष्ट माझ्या मते अशी, की नावाची नोंद ठेवण्याचा अधिकार खाली खाली वाटत जाता येतो. भारताला ‘.इन’ मिळालं ८ मे १९८९ ला, आणि नंतर कितीतरी वर्षं त्याची वही मुंबईत, जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेत होती. देशभरच्या शिक्षणसंस्था अर्नेट या शैक्षणिक जाळ्यावर येत होत्या, त्या काळात जुहूच्या मोजक्या तंत्रज्ञांनी देशाच्या नावांचा कारभार बघितला. नियम कडक होते, त्यामुळे २००४ अखेर नोंदलेली नावं जेमतेम काही हजार होती. २००५ पासून हे काम निक्सी या संस्थेकडे गेलं, नोंदणी सगळ्यांना खुली झाली आणि आकडा लाखांत गेला. जे काम तेव्हा जुहूची एक संशोधन संस्था देशासाठी करत होती, त्याच जातीचं काम आपल्या एका नावापुरतं दासगावच्या घरातल्या टेबलावर करता येतं. सॉफ्टवेअर तेच, नियमही तेच.

मशीन मोठं लागत नाही. रास्पबेरी पायसारखा छोटा बोर्ड पुरतो. एका घरगुती डोमेनला येणारे प्रश्न इतके थोडे आणि उत्तरं इतकी छोटी असतात की तो बोर्ड बहुतेक वेळ रिकामाच बसलेला असतो. पूर्वी एक उत्तर ५१२ बाइट्समध्ये बसवावं लागे, आता १२३२ बाइट्सपर्यंत ठेवावं असा संकेत आहे. सॉफ्टवेअर फुकट मिळतं. १९८० च्या दशकात बर्कलीच्या विद्यार्थ्यांनी लिहिलेलं बाइंड अजून चालतं आणि त्यात सगळं काही आहे. नेदरलँड्सच्या एनएलनेट लॅब्जचं एनएसडी फक्त एकच काम करतं, आपल्या नावांची उत्तरं देणं. नवख्याने एनएसडीने सुरुवात करावी असं मी म्हणेन. त्यामागे सुरक्षेचं कारण आहे. बाइंडमध्ये एक ओळ चुकली तर तुमचं मशीन कुणाच्याही वतीने कुठल्याही नावाचा शोध घेऊ लागतं. असे उघडे सर्व्हर हल्लेखोर शोधतच असतात. खोट्या परतीच्या पत्त्यावरून छोटा प्रश्न पाठवायचा आणि त्याचं कित्येक पट मोठं उत्तर तिसऱ्याच माणसावर आदळवायचं, ही त्यांची पद्धत. मार्च २०१३ मध्ये स्पॅमहाउस या संस्थेवर झालेला मोठा हल्ला अशाच हजारो निष्काळजी मशीनांच्या जोरावर झाला. एनएसडीला दुसऱ्याच्या नावाचा शोध घेताच येत नाही, त्यामुळे असा उघडा सर्व्हर होण्याचा धोका मुळातच उरत नाही.

नोंदींची फाइल म्हणजे साधी मजकुराची फाइल. वेबसाइटचा पत्ता एका ओळीत, ईमेल कुठे द्यायची ते एमएक्सच्या ओळीत, आपल्या नावाने मेल पाठवायचा हक्क कुणाला ते टीएक्सटीच्या ओळीत. ही फाइल आपल्या हातात असण्याचा रोजचा फायदाही आहे. लेट्स एन्क्रिप्टचं सगळ्या उपनावांना चालणारं प्रमाणपत्र हवं असेल तर नेमसर्व्हरमध्ये एक तात्पुरती ओळ घालून दाखवावी लागते. सर्व्हर आपला असेल तर हे काम मशीनच परस्पर उरकतं. फाइलच्या डोक्यावर एसओए नावाची एक ओळ असते. नवशिके ती कुठूनतरी उतरवून घेतात आणि पुढे कधी बघतही नाहीत. माझ्या मते सगळ्या फाइलमध्ये बसून विचार करावा अशी ओळ हीच. तिच्यात पाच आकडे असतात. पहिला अनुक्रमांक. तो बहुतेक जण तारखेने लिहितात, जसं २०२६०५१००१, म्हणजे १० मे २०२६ चा पहिला बदल. दुसरा, दुय्यम सर्व्हरने किती वेळाने मूळ सर्व्हरकडे चौकशी करायची. तिसरा, मूळ सर्व्हर भेटला नाही तर किती वेळाने पुन्हा प्रयत्न करायचा. चौथा, मूळ सर्व्हर भेटतच नसेल तर किती काळ जुनी प्रत खरी मानून उत्तरं देत राहायचं. पाचवा, ‘असं नाव नाही’ हे उत्तर किती वेळ लक्षात ठेवायचं. यातला चौथा आकडा पुढे फार उपयोगी पडणार आहे.

आता दासगावची अडचण. पहिली अडचण कुठल्याही गावात येते. नेमसर्व्हरचा पत्ता कायम एकच हवा आणि जगाला त्याच्या ५३ क्रमांकाच्या पोर्टवर पोचता आलं पाहिजे. घरगुती जोडणीत हे बहुतेकदा नसतं. आयपी पत्ते अपुरे असल्यामुळे कंपनी अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवते. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर समजावं की आपणही त्या रांगेत आहोत आणि बाहेरचा प्रश्न आपल्यापर्यंत येणारच नाही. काही कंपन्या जादा पैसे घेऊन कायमचा पत्ता देतात. आयपीव्ही६ घेतला तर रांग सुटते, पण जगातले सगळे रिझॉल्व्हर अजून आयपीव्ही६ वरून विचारत नाहीत, म्हणून नुसत्या त्याच्यावर नेमसर्व्हर ठेवता येत नाही.

दुसरी अडचण इथल्या भूगोलाची, आणि ती पैसे भरून सुटत नाही. सावित्री, काळ आणि गांधारी या नद्यांचं घाटातलं पाणी महाडपाशी एकत्र येतं, आणि खालून बाणकोटच्या खाडीची भरती वर चढते. २५ डिसेंबर १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून बोटीने येऊन दासगावला उतरले आणि तिथून महाडला गेले, ते याच खाडीच्या पाण्यावरून. घाटात धुवांधार पाऊस आणि समुद्राला मोठी भरती एका वेळी आली की पाण्याला जायला जागा उरत नाही. जुलै २००५ मध्ये दासगाव आणि जुईवर दरडी आल्या. २२ जुलै २०२१ ला महाड शहर पाण्याखाली गेलं आणि त्याच दिवशी तळियेवर डोंगर कोसळून ८० हून अधिक माणसं गेली. वीज नव्हती, टॉवर बंद होते, तळियेची बातमी बाहेर पोचायलाच वेळ गेला. अशा दिवसांत कुणी आपल्या डोमेनचा विचार करणार नाही, आणि करूही नये. माणसांना वर काढायचं, घरातला चिखल काढायचा, शेजाऱ्यांची चौकशी करायची, हेच तेव्हाचं काम. म्हणून मांडणी अशी हवी की घरचं मशीन दोन आठवडे बंद पडलं आणि दोन आठवडे त्याच्याकडे कुणी बघितलंही नाही, तरी नावाचं उत्तर जगाला मिळत राहिलं पाहिजे.

डीएनएसच्या रचनेत याची सोय पहिल्यापासून आहे. प्रत्येक नावाला किमान दोन नेमसर्व्हर असावेत हा जुना नियम. ते कुठे असावेत यावर जुलै १९९७ मध्ये आरएफसी २१८२ हा स्वतंत्र दस्तऐवजच निघाला. त्याचा आशय असा, की दोन्ही एकाच खोलीत, एकाच इमारतीत किंवा एकाच जोडणीवर असतील तर ते दोन असून एकच आहेत. हे मोठमोठ्यांकडूनही सुटतं. जानेवारी २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टचे चारही नेमसर्व्हर नेटवर्कच्या एकाच तुकड्यावर होते. तिथल्या राउटरमधला एक बदल चुकला आणि कंपनीच्या साइट्स जवळजवळ एक दिवस कुणाला सापडेनात. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकचं जे झालं ते जास्त विचार करायला लावतं. त्यांचे नेमसर्व्हर ठिकठिकाणी होते, चालूही होते. पण आतलं जाळं तुटल्यावर त्यांनी स्वतःला आजारी समजून जगाला आपला रस्ता सांगणंच बंद केलं. परिणामी फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम सहा तासांच्या आसपास गायब. ठिकाणं वेगळी होती, पण सगळ्यांचा जीव एकाच गोष्टीत अडकलेला होता.

दासगावच्या माणसाने ‘वेगळं ठिकाण’ निवडताना हेच तपासायचं. महाडच्या मित्राच्या दुकानात दुसरा सर्व्हर ठेवला तर पूर तोच. पोलादपूरला ठेवला तर वीजवाहिनी आणि महामार्गालगतची फायबर बहुधा तीच. मग मुंबई? इथे २००५ आठवावं. ज्या पावसाने २५-२६ जुलैला दासगावच्या परिसरात दरडी पाडल्या, त्याच दिवसांत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मुंबईतली डेटा सेंटर घरापेक्षा कितीतरी भक्कम असतात, त्यामुळे एक प्रत तिथे जरूर ठेवावी. पण दुसरी प्रत वेगळ्या पावसाच्या प्रदेशात हवी, बेंगळुरूला, नाहीतर थेट सिंगापूर किंवा जर्मनीत. दोन्ही वेगळ्या कंपन्यांकडे हव्यात, कारण एकाच कंपनीचं बिल थकलं किंवा खातं अडकलं तर दोन्ही प्रती एका क्षणी जातात. महिना काही शे रुपयांत छोटा व्हर्च्युअल सर्व्हर मिळतो. हरिकेन इलेक्ट्रिकसारख्या कंपन्या तर दुय्यम नेमसर्व्हरची सेवा फुकट देतात.

मग घरच्या मशीनचं काय काम उरलं? सगळ्यात महत्त्वाचं. मूळ फाइल तिथेच राहते. बदल फक्त तिथेच होतो. बाहेरच्या प्रती तिथूनच फाइल उतरवून घेतात, आणि जगाला फक्त त्या प्रतींची नावं दिलेली असतात. घरचा सर्व्हर कुणाला दिसतच नाही. या मांडणीला लपलेला मुख्य सर्व्हर म्हणतात, आणि मोठ्या संस्थाही ती सर्रास वापरतात. दासगावसाठी ती अगदी सोयीची आहे, कारण आधीच्या दोन्ही अडचणी तिच्यात विरून जातात. घरून वायरगार्ड या सॉफ्टवेअरने बाहेरच्या दोन्ही सर्व्हरपर्यंत बोगदे काढायचे. घरचं मशीन स्वतः बाहेर फोन लावतं, त्यामुळे कायमचा पत्ता लागत नाही आणि ५३ चं पोर्ट जगाला उघडावं लागत नाही. फाइल बदलली की घरचा सर्व्हर प्रतींना निरोप देतो, त्या अनुक्रमांक बघतात, वाढलेला असेल तरच नवी फाइल ओढून घेतात. अनुक्रमांक वाढवायचा राहिला तर प्रतींना वाटतं काहीच बदललेलं नाही, आणि आपण तासभर ‘बदल का दिसत नाही’ म्हणून डोकं खाजवत बसतो. ही देवघेव गुपित किल्लीने सही करून व्हावी, म्हणजे वाटेत कुणी खोटी फाइल सरकवू शकत नाही.

आता एसओएचा चौथा आकडा. त्याला एक्स्पायर म्हणतात. १९९६ च्या आरएफसी १९१२ मध्ये दोन ते चार आठवडे सुचवले आहेत. पुष्कळ नमुना फायलींत तो एक आठवड्याचा, कधीकधी त्याहून कमी असतो. २०२१ सारख्या जुलैत आठवडा भुर्रकन उडून जातो. तो संपला की प्रती ‘आता ही फाइल खरी आहे की नाही ते सांगता येत नाही’ असं मानून उत्तर देणं थांबवतात, आणि मशीन दासगावात बंद असलं तरी नाव बंद पडतं बेंगळुरूला. म्हणून इथे १२०९६०० सेकंद, म्हणजे चौदा दिवस, हे किमान धरावं. महिनाभर ठेवला तरी चालेल. चौकशीचा काळ तासाभराचा, पुन्हा प्रयत्नाचा पंधरा मिनिटांचा पुरे.

नोंदींवर डीएनएससेकची डिजिटल सही करणार असाल तर आणखी एक हिशोब आहे, आणि तो बहुतेक मार्गदर्शकांत सापडत नाही. प्रत्येक सहीला मुदत असते. बाइंडच्या ठरीव धोरणात सही चौदा दिवस टिकते आणि शेवटचे पाच दिवस उरले की नवी केली जाते. म्हणजे सही करणारं घरचं मशीन नेमकं नव्या सहीच्या आदल्या दिवशी बुडालं, तर प्रतींकडच्या सह्या पाच-सहा दिवसांत शिळ्या होतात. प्रती उत्तर देत राहतात, पण सही तपासणारे रिझॉल्व्हर ते उत्तर खोटं म्हणून फेकून देतात. एक्स्पायर चौदा दिवसांचा ठेवून काही उपयोग झालेला नसतो. आरएफसी ६७८१ मध्ये सहीची मुदत एक्स्पायरच्या तीन-चार पट असावी असं सुचवलं आहे. दासगावसाठी सही दोन महिन्यांची करावी आणि महिना उरला असतानाच नवी करावी, म्हणजे मशीन कुठल्याही दिवशी गेलं तरी हातात महिना राहतो.

नेमसर्व्हरची नावं आपल्याच डोमेनखाली ठेवायची असतील तर एक गाठ सोडवावी लागते. सर्व्हरचा पत्ता कळायला त्याच सर्व्हरला विचारावं लागणार. त्यासाठी डोमेन कंपनीच्या पानावर नेमसर्व्हरच्या नावाबरोबर त्याचा आयपी पत्ताही नोंदवायचा, मग वरची पायरीच तो पत्ता सांगून टाकते. या नोंदीला ग्लू म्हणतात. प्रतीचा पत्ता बदलला की ही नोंदही बदलावी लागते, आणि हीच लोक विसरतात.

ईमेलची एक बाब जाणून घ्यावी अशी आहे. तुमचे सगळे नेमसर्व्हर मुके झाले तर मेल पाठवणारा सर्व्हर पत्र रांगेत ठेवतो आणि चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. पण एखाद्या प्रतीने अर्धवट फाइल घेऊन ‘असं नाव नाही’ असं उत्तर दिलं, तर पत्र तिथल्या तिथे परत जातं. त्यामुळे फाइल प्रतींना पाठवण्यापूर्वी तपासणीची आज्ञा चालवावी. बाइंड आणि एनएसडी दोघांबरोबर ती मिळते, आणि चूक असेल तर ओळ क्रमांकासह दाखवते.

एवढं सगळं केलं तरी नाव भाड्याचंच असतं. डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख चुकली तर वरची पायरी तुमचे नेमसर्व्हर सांगणंच थांबवते, मग खाली कितीही प्रती असोत. तारीख पावसाळ्यात येत असेल तर मे महिन्यातच पुढच्या दोन-तीन वर्षांचे पैसे भरून टाकावेत. आणि त्याच मे महिन्यात, पहिला पाऊस यायच्या आधी, घरच्या मशीनची वायर काढून ते दोन दिवस बंद ठेवावं. फोनवरून प्रत्येक प्रतीला वेगवेगळं विचारून एसओएचा अनुक्रमांक बघावा. दोन्हींकडे तोच आकडा यायला हवा, सहीची शेवटची तारीख जवळजवळ महिनाभर तरी पुढे हवी, आणि आपल्या पत्त्यावर पाठवलेली चाचणीची मेल पोचायला हवी. काही अडलं तर ते दुरुस्त करायला तेव्हा वीजही असते आणि वेळही.